पाकीट उघडण्याआधी

अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांची अधिवेशनं भरतात. पहिल्यांदा आलेली आई दारातच बावचळते. नुसत्या गणिताचीच किती तऱ्हेची पुस्तकं! शेजारी सूक्ष्मदर्शक, अक्षरओळखीच्या पेट्या. आणि मुरलेले पालक चाकांच्या पिशव्या ओढत निवांत हिंडताहेत.

घरी शिकवण्याची ही मोकळीक सहज मिळालेली नाही. शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये अशा पालकांसाठी नियतकालिक काढलं, तेव्हा मुलांना घरी शिकवतात म्हणून कित्येकांना कोर्टाची पायरी चढावी लागे. पन्नासही राज्यांत मार्ग मोकळा व्हायला १९९३ उजाडलं.

अधिवेशनातली खरी कमाई मात्र स्टॉलवर नव्हे, कॉफीच्या रांगेत होते. “तुमचं मूल उशिरा वाचायला लागलं, तेव्हा काय केलंत?” असं विचारलं की अनुभवी आई हातचं न राखता सांगते.

नवख्यांनी पुस्तक घेण्याआधी त्यातली दोन पानं मुलालाच वाचायला द्यावीत.