आरोपी आधी ठरवू नकोस

चि. मल्हार,

गेम लावला की कॉम्प्युटर बंद पडतो, म्हणून तू विंडोज नव्याने टाकायला बसला आहेस, असं बाबा म्हणाले. जरा दमाने घे. तो नेमका कसा बंद पडतो, ते आधी बघ. नुसता गेम मिटून डेस्कटॉप दिसला, तर संशय गेमच्या फायलींवर किंवा ग्राफिक कार्डच्या ड्रायव्हरवर घ्यायचा. निळा पडदा आला, तर त्यावरचा कोड लिहून ठेव. तिथे बहुधा ड्रायव्हर नाहीतर रॅम निघते. काहीच न सांगता मशीन रिस्टार्ट झालं, तर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) आणि उष्णता तपास. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल. पण तिचा अर्थ ‘मशीन नीट शटडाउन झालं नाही’ एवढाच. ‘एसएमपीएस गेला’ असा नाही.

पडद्यावरच्या संदेशावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर अनरियल इंजिनचे गेम सुरू होतानाच कोसळायचे आणि ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असं सांगायचे. साहजिकच लोक ग्राफिक कार्डाला दोष देत. प्रत्यक्षात डेटा उलगडताना चुकत होता तो प्रोसेसर. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून तो हळूहळू झिजत होता. २०२४च्या ऑगस्टमध्ये इंटेलने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली, ती बायोस अपडेटमधून येते. वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. तुझा प्रोसेसर त्या पिढ्यांतला असेल, तर सुरुवात बायोसपासूनच कर.

नसेल, तर बिनखर्चाचा उपाय आधी: फ्रेम रेट ६०वर बांधून टाक. २०१०मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ या गेमच्या साध्या मेनूवरच काहींची मशीन तापत होती. चितारायला फारसं काही नसल्यामुळे कार्ड तोच पडदा जमेल तितक्या वेगाने पुन्हा पुन्हा काढत बसे. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने तेव्हा फ्रेम रेटला मर्यादा घालायलाच सांगितलं होतं. मर्यादा घालून तुझं मशीन टिकलं, तर रोख उष्णतेकडे किंवा विजेकडे वळतो. मग कॅबिनेट उघड, धूळ काढ, पंखे फिरतात का बघ. तरीही भागलं नाही, तर बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून रॅम मूळ वेगावर आण आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅमची चाचणी) लाव.

हे सगळं एकाच संध्याकाळी उरकू नकोस. एक बदल, मग तोच गेम तितकाच वेळ, मग वहीत नोंद. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि क्रॅश थांबला, तर तो कशामुळे थांबला हे कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एवढं करूनही दुकानात जावं लागलं, तर ती वही बरोबर ने. ‘गेम खेळताना बंद पडतो’ एवढंच सांगितलंस, तर तुला नवं ग्राफिक कार्ड सुचवलं जाईल, आणि पैसे बाबांचे जातील.

तुझी,
आत्या