समानधर्म्यांचे चित्र : दान की न्यास?

अ‍ॅशर ड्युरँड या अमेरिकन चित्रकाराच्या 'किंड्रेड स्पिरिट्स' (१८४९) या चित्राची चर्चा एरवी निसर्गचित्रणाच्या अंगाने होते. कॅट्सकिल पर्वतातील एका कड्यावर दोन माणसे उभी आहेत : चित्रकार टॉमस कोल आणि कवी विल्यम कलन ब्रायंट. डावीकडील झाडाच्या बुंध्यावर दोघांची नावे कोरलेली दिसतात. कोल १८४८ मध्ये निवर्तला होता. त्याच्या स्मरणार्थ ब्रायंटने केलेल्या भाषणाबद्दलची कृतज्ञता म्हणून जोनाथन स्टर्जेस या व्यापाऱ्याने हे चित्र काढवून घेतले आणि ब्रायंटला भेट दिले. पुढे ब्रायंटच्या कन्येने, जूलियाने, १९०४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिले. ग्रंथालयाने २००५ च्या एप्रिलमध्ये ते विकण्याचे जाहीर केले आणि मे महिन्यात, बंद लिफाफ्यांतील बोलींतून, ॲलिस वॉल्टन यांनी ते घेतले. किंमत साडेतीन कोटी डॉलरांच्या घरात सांगितली गेली.

या व्यवहारावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा, की सार्वजनिक ठेवा खाजगी मालकीत गेला. तो टिकत नाही. २०११ मध्ये उघडलेल्या, अर्कान्सातील बेंटनव्हिल येथील क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयात हे चित्र कोणालाही विनामूल्य पाहता येते. दुसरा आक्षेप स्थलनिष्ठेचा. ग्रंथालयाला लागूनच ब्रायंटच्या नावाचे उद्यान आहे, तेव्हा चित्राने तेथेच असावे हे म्हणणे भावनेला पटते. परंतु चित्रातील स्थळ तरी कोणते? काटरस्किलचा धबधबा आणि दरी एका ठिकाणाहून एकत्र दिसत नाहीत. ड्युरँडने ती एकत्र आणली. जे दृश्य भूगोलात नाही त्याच्या वतीने भूगोलाचा हक्क सांगणे अवघडच.

मग खटकते ते काय? आपल्या धर्मशास्त्राने केलेला दान आणि न्यास यांतील भेद येथे उपयोगी पडतो. दानात दात्याचे स्वत्व संपते आणि घेणाऱ्याचे निर्माण होते. न्यासात ठेव सांभाळणाऱ्याला ताबा मिळतो, स्वत्व नव्हे. स्टर्जेसने दिले ते दान होते, त्याचा स्वीकारकर्ता नाव घेऊन सांगता येतो. जूलियाची देणगी कायद्याच्या दृष्टीने दानच ठरली, आणि विक्रीत बेकायदेशीर काही नव्हते. तथापि ग्रंथालय ही व्यक्ती नव्हे. ते ज्यांच्या वतीने स्वीकारते त्यांतले बरेचसे अद्याप जन्मलेलेही नसतात.

चित्राच्या नावासाठी मराठीत 'समानधर्मा' हा भवभूतीचा शब्द सहज सुचतो. मात्र त्यात एक सूक्ष्म फरक आहे. ड्युरँडचे समानधर्मे समोरासमोर उभे आहेत, भवभूतीचा अजून यायचा आहे. १९०४ मध्ये चित्र पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे गेले. ग्रंथसंग्रहाच्या निधीसाठी पैसा उभारण्याची गरज खरी असेल, खरीददाराची श्रीमंती हाही दोष नव्हे. दोष आहे तो मुकाट्याने घेतलेल्या निर्णयाचा. घोषणा आणि विक्री यांत जेमतेम महिन्याचे अंतर, तेही निर्णय पक्का झाल्यावर. ज्यांच्यासाठी ठेव होती त्यांना, निदान त्या पिढीपुरते, विचारता आले असते.