बाळासाठी तरी खा

गरोदर बाईला जेवणाचा आग्रह करताना आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं : ‘बाळासाठी तरी खा.’ वाक्य मायेचं आहे, म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्यातला ‘तरी’ जरा कान देऊन ऐका. स्वतःसाठी नाही खाल्लंस तर चालेल, असं तो हळूच सांगून जातो.

सरकारी सूचनाही साधारण याच सुरात बोलतात. लवकर नोंदणी करा, किमान चार तपासण्या करा, लोहाच्या गोळ्या घ्या. कशासाठी? बाळ सुदृढ व्हावं म्हणून. यात खोटं काही नाही. आईला रक्तक्षय असेल तर बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. वाढलेला रक्तदाब वेळेत लक्षात आला तर दोन्ही जीव वाचू शकतात. तेव्हा तपासणीचा उपयोग होतो का, हा माझा प्रश्नच नाही. गरीब बाईच्या ताटाकडे बघायला तिच्या पोटात कुणीतरी असावंच लागतं का, हा आहे.

गंमत म्हणजे बाळाचाच विचार करणारं विज्ञान याच प्रश्नापाशी येऊन ठेपतं. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांचा अभ्यास सुरू केला, तोही त्या गरोदर राहण्याआधीपासून. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी होती, पण अंगावर मांस कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाचं बीज अशा बांध्यात असू शकतं, हे या अभ्यासाने जगापुढे मांडलं. आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी होती. ज्यांच्या वाट्याला शेतातले आणि घरातले कष्ट जास्त, त्यांची लहान. म्हणजे डोक्यावरून आणलेल्या हंड्यांचा हिशेब बाळाच्या वजनात लागत होता. तो हंडा कोण उचलणार, हे कुठल्याही गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयाच्या सगळ्याच बायका धरल्या तर ५७ टक्के. शरीर गरोदरपणापर्यंत पोचतं तेच थकून.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये २००६ साली एक प्रयोग सुरू झाला. पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ बायकांना दिवस जाण्याआधीपासून रोज द्यायचा. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठामपणे सांगावा असा फरक पडला नाही. पण ज्यांनी किमान तीन महिने आधी सुरुवात केली होती, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. त्यातही ज्या बायका मुळातच सगळ्यात किडकिडीत होत्या, त्यांच्या बाळांत ही वाढ दिसली नाही. वर्षानुवर्षांची उपासमार काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नसावी.

आता ‘बाळासाठी तरी’चा हिशेब इथे लावून बघा. खाऊचं कारण फक्त बाळ असेल, तर सगळ्यात उपाशी बाईला दिलेला खाऊ वाया गेला! ग्रॅम वाढले नाहीत ना. हे वाचताना पोटात कालवतं, कारण आपल्याला आतून माहीत असतं की तिला भूक होती आणि ती खात होती, एवढं पुरेसं होतं. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, असं कांट सांगून गेला. इथे तर साधनाचीही निगा काम संपेपर्यंतच.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खरा वाटतो. बाळाचं नाव घेतलं की काम होतं. सुनेला दूध द्यायला काचकूच करणारं घर नातवासाठी देतं. आशाताई हे वाक्य वापरतात ते शहाणपणानेच. फक्त तेच वाक्य धोरणात शिरलं की अटी उगवतात. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क सांगितला. २०१७ला योजना आली ती पहिल्याच बाळंतपणासाठी, ५,००० रुपयांची. पुढे दुसऱ्या खेपेलाही मदत मिळू लागली, मुलगी झाली तरच. तिसऱ्या खेपेच्या बाईची भूक कुठल्या रकान्यात बसवायची? मुलगा झाला म्हणून दुसऱ्या खेपेचं रक्त आपोआप भरून येतं का?

आणि ऊसतोड. बीडहून निघालेलं जोडपं मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ असतं. उचल दोघांची मिळून, मजुरी दोघांची मिळून. सहा-सहा महिने गाव सुटतं, आणि ज्या केंद्रात बाईची नोंद झाली ते केंद्र मागे राहतं. पिशवीत कार्ड असतं, त्यातले पुढचे रकाने कोरे. फडाजवळच्या दवाखान्यात जायचं म्हटलं तर दिवस मोडतो. तपासणी फुकट होते, खाडा मात्र दोघांच्या नावावर लागतो. त्यामुळे बहुतेक वेळा ती मोळी डोक्यावर घेते आणि ट्रॅक्टरकडे चालू लागते.