फिरणं आणि फिरवणं

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला शेवटचा प्रमादचर्या. काही कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, वारा घालणं, झाडपाला तोडणं हे सगळं त्यात येतं; आणि यादीच्या शेवटी दोन लहानसे शब्द येतात, सरण आणि सारण. उगाच फिरणं आणि दुसऱ्याला फिरवणं. पाठशाळेत हे पाठ करताना जमीन, पाणी, विस्तव समजायचं. या दोन शब्दांपाशी मात्र मी अडायची. फिरण्यात कसला आलाय दंड?

ते दोन शब्द आता पुन्हा उघडावे लागले, ते माझ्या भाच्यामुळे. तो गच्चीबावलीत नोकरी करतो आणि रविवारी सायकल चालवतो. कधी शनिवारी रात्री आमच्याकडे कोठीला मुक्कामाला येतो आणि पहाटे पाचला मेहदीपट्टणम, लंगर हौज, नारसिंगी करत गंडीपेटला जातो. त्याच्या मित्रमंडळींनी ठरवलंय, उस्मानसागरला पूर्ण वळसा घालणारा एक मार्ग आखायचा, नकाशा छापायचा आणि बाहेरगावच्या सायकलवाल्यांनाही बोलवायचं. रस्ता जिथे पाण्यापासून लांब जातो तिथे रस्ता सोडून सरळ काठाच्या मातीवरून जायचं. मला नकाशा दाखवून म्हणाला, "मामी, सायकलला धूर नाही, आवाज नाही, पेट्रोल नाही. याहून अहिंसक वाहन तुम्ही दाखवा."

मला दाखवता आलं नाही. पायी चालणं सोडलं तर दुसरं आहे काय? आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाहीच. मोटारीत बसून काचा वर करून तळ्याकाठी चहा प्यायला जाणाऱ्यांपेक्षा घाम गाळून जाणारी ही पोरं मला केव्हाही बरी वाटतात. शहराच्या बाहेरच्या रिंग रोडलगत 2023 साली सौर छताखालचा 23 किलोमीटरचा सायकल मार्ग खुला झाला, तेव्हा मलाही आनंद झाला होता. तिथे जमीन आधीच डांबराखाली गेलेली. तिथल्या फिरण्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न ओल्या काठाचा आहे.

आपल्याकडे साधूंना ईर्यासमिती सांगितली आहे. दिवसाउजेडी, चार हात पुढची जमीन न्याहाळत, आधी माणसा-जनावरांनी तुडवलेल्या वाटेनं चालायचं. मळलेली वाट म्हटली की आपले लेखक नाक मुरडतात. धर्म मात्र तीच वाट घ्यायला सांगतो, कारण त्या वाटेवर नव्यानं कुणी मरायचं उरलेलं नसतं. आता सायकलचा हिशोब करा. ताशी 20 किलोमीटरच्या वेगानं चार हात जमीन सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात मागे पडते. सायकलवाल्याची नजर चार हातांवर ठेवून चालायचीच नाही, ठेवली तर तो पडेल. त्याला लांब बघावं लागतं. म्हणजे दोष त्याच्या मनाचा नाही, वेगाचा आहे.

आणि काठावर असतं काय? उन्हाळ्यात तळं आटत मागे सरकतं, खाली खडे आणि भेगाळलेली माती उघडी पडते. टिटवी तिथेच अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही नाही, खड्यांत एक खळगा आणि त्यात खड्यांसारखीच ठिपक्यांची, बहुधा चार अंडी. उभं राहून बघितलं तरी पटकन दिसत नाहीत. दोन बोटं रुंदीचं टायर, त्याला धूर नाही, आवाज नाही. अंड्याच्या बाजूनं विचार केला तर आवाज असता तर बरं, निदान आई ओरडत उठली असती. हिवाळ्यात दुसरी गोष्ट. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, बदकं आपल्याकडच्या तळ्यांवर खायला आणि अंगात चरबी साठवायला येतात. रुळलेल्या रस्त्यानं माणूस सरळ निघून गेला तर पाखरं फार मनावर घेत नाहीत. तो थांबला, उतरला, त्यांच्या रोखानं चालू लागला की थवा उठतो. आपल्याला ते उडणं सुंदर दिसतं, मोबाईल बाहेर निघतात. त्यांची मात्र तेवढी शिदोरी खर्च झाली.

इथपर्यंत माझं भाच्याशी फारसं भांडण झालं नाही. तो म्हणाला, "ठीक आहे, मग कुंपण घाला. कुणालाच नको." हे मला पटलं नाही, आणि का पटलं नाही ते सांगायला राजस्थानात भरतपूरला जावं लागेल.

केवलादेवचं ते पाणथळ जंगल सायकलवाल्यांचं मोठं ठिकाण. मोटारी एका टप्प्यावर अडवतात. पुढे सायकल, रिक्षा नाहीतर पाय. तळीही माणसानंच बांध घालून राखलेली. संस्थानच्या काळात तिथे शिकार चालायची. 12 नोव्हेंबर 1938 ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मेजवानीत एका दिवसात 4273 पाखरं मारली. तो आकडा आत दगडावर कोरलेला आहे, आणि कोरणाऱ्यांना त्यात लाज वाटली नव्हती. पुढे शिकार थांबली, अभयारण्य झालं, राष्ट्रीय उद्यान झालं. मग 1982 मध्ये आजूबाजूच्या गावांच्या म्हशी चारायला बंदी आली. लोक चिडले, गोळीबार झाला, माणसं गेली. पाखरांच्या रक्षणासाठी माणसं मेली हे वाक्य मला आजही नीट गिळता येत नाही. आणि त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनीच वर्षानुवर्षं बघून सांगितलं, की म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पाणपक्ष्यांना ते सोसेना. म्हशींना बाहेर काढलं, सायकली आत राहिल्या.

श्रावकाला सगळी हिंसा टाळता येत नाही हे आपल्या आचार्यांना ठाऊक होतं. चूल पेटवणारी बाई, नांगर धरणारा माणूस, यांच्या हातून जे होतं त्याला त्यांनी आरंभी आणि उद्योगी हिंसा म्हणून वेगळं काढलं. ती कमी करा म्हणाले, संसार सोडल्याशिवाय ती सुटणार नाही हेही मान्य केलं. अनर्थदंड याच्या पलीकडचा. जिथे पोटाचा, घराचा, कसलाच अर्थ नाही तिथली हिंसा. मग तळ्याच्या काठावर अर्थ कुणाला आहे? म्हशीवाल्याला आहे. आटलेल्या पोटाच्या जमिनीत कलिंगडाचे वेल लावणाऱ्याला आहे. भाच्याला नाही, मला नाही. पण आपण राखीव जागा करतो तेव्हा बरोबर उलटं करतो. ज्याला अर्थ आहे त्याला बाहेर काढतो आणि ज्याला नाही त्याला तिकीट देतो.

इथे एक काटा आहे, तो लपवून उपयोग नाही. मासेमारी. तळ्यात जाळं टाकणाऱ्याची हिंसा उद्योगी म्हणून मला सोडवता येत नाही. ती जाणूनबुजून केलेली, संकल्पी हिंसा आहे आणि आपला धर्म ती पोटाच्या नावावरही माफ करत नाही. मग जाळं टाकणारा आणि निव्वळ बघायला आलेला सायकलवाला यांतला कुणाला काठ द्यायचा? मी बरेच दिवस यावर विचार केला. माझा कल असा, की त्याच्या पापाचा हिशोब माझ्या फिरण्याला हक्क देत नाही. तो उद्या जाळं टाकायचं थांबला तर मला आनंद होईल. पण त्याला हाकलून तिथे माझी सायकल उभी करायची, आणि वर तिला अहिंसा म्हणायचं, हे जमणार नाही.

गंडीपेटबद्दल तर आपण कोठीवाल्यांनी जपूनच बोलावं. हे तळं फिरण्यासाठी झालेलं नाही. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला पूर आला, अफझलगंज, चादरघाट, आपल्या उंबऱ्यापाशीच हजारो माणसं वाहून गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि मुसीवर उस्मानसागर, ईसीवर हिमायतसागर ही धरणं उभी राहिली, पहिलं 1920 ला, दुसरं 1927 ला. पूर अडवायचा आणि शहराला पाजायचं. गंडीपेटचं पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही असं इथे म्हणतात ते या धरणावरूनच. पाखरं मागाहून आपणहून आली. 1996 च्या 111 क्रमांकाच्या सरकारी आदेशानं दोन्ही सागरांभोवती दहा किलोमीटरच्या पट्ट्यात कारखाने, मोठी हॉटेलं, वसाहती यांना मनाई झाली, आणि 2022 मध्ये ती मनाई उठवणारा दुसरा आदेश निघाला. उंच इमारतींपुढे सायकलचं टायर म्हणजे किस झाड की पत्ती, असं भाचा म्हणतो. खरं आहे. पण इमारती माझ्या हातात नाहीत. आणि वळसा घालायची सोय झाली की मागोमाग चहाची टपरी, मग हॉटेल, मग फ्लॅटच्या जाहिरातीत 'तळ्याकाठी सायकल मार्ग'. सारण म्हणजे हेच असावं. स्वतः फिरणं थोडं, दुसऱ्याला फिरवणं फार. नकाशा छापणाऱ्यानं एवढं तरी ध्यानात घ्यावं.

संगारेड्डीच्या मंजिरा अभयारण्यात हा प्रश्न मगरींनी सोडवलाय. बीडच्या पाटोद्याकडे उगवलेली आपली मांजरा तिथे अडवली आहे, बेटांवर पाखरांची घरटी आहेत आणि पाण्यात मगरी. काठाशी जाताना माणूस आपोआप चार हात नव्हे, चाळीस हात बघतो. मगरींचं व्रत आपल्याला सोसतं, स्वतः घेतलेलं सोसत नाही.

गंडीपेटला मगरींची धास्ती नाही. तिथे आपलं आपणच घ्यावं लागेल. आणि त्यासाठी देशावकाशिक व्रत आहे. दिग्व्रत जन्माचं असतं, हे मुदतीचं. अमुक गल्ली, अमुक शेत, अमुक नदी, याच्या पुढे मी जाणार नाही. एक पंधरवडा, एक ऋतू, चातुर्मास. जुन्या लोकांनी सीमा सांगताना नदी आणि वन यांची नावं घेतली आहेत, हे मला फार आवडतं. सीमा घरी बसून ठरवायची, कारण काठावर पोचल्यावर इच्छाच बोलते. चिलकूरचं बालाजी मंदिर त्याच तळ्याच्या बाजूला आहे. तिथे लोक नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा घालतात आणि फळला की एकशे आठ. एकशे आठ वेळा फिरूनही कुणी गाभाऱ्यात पाय ठेवत नाही.

मी भाच्याला तीन गोष्टी लिहून दिल्या. गाडीरस्ता सोडायचा नाही. पूर्ण वळसा घालायचा नाही; चिलकूरपासून आल्या वाटेनं मागे फिरायचं, पलीकडची बाजू नकाशावर कोरी ठेवायची. आणि फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत काठाशी उतरायचं नाही. त्याला दुसरी अट सगळ्यात जड गेली. वळसा अपुरा राहिला तर सायकलवाल्यांना चैन पडत नाही म्हणे, फोनवर रेघ जुळावी लागते. मंडळींशी बोलतो म्हणाला. मग तिसऱ्या अटीपाशी बोट ठेवून विचारलं, "मामी, तेवढ्या दिवसांत म्हशी आल्या तर?"

टिटवी गुरांसमोर पंख पसरून उभी राहते, त्यांना वळवते. म्हशीला थांबता येतं, तिचा वेग तेवढाच असतो.

"म्हशी येऊ देत," मी म्हटलं.