थेंबाची साक्ष

छतातून पाणी गळू लागले की माणूस प्रथम वर पाहतो आणि लगेच वरच्या मजल्यावरच्या माणसाकडे पाहतो. पहिल्या पाहण्यात त्याला डाग दिसतो, दुसऱ्यात गुन्हेगार. शहरातल्या इमारतींतून शेजाऱ्याशेजाऱ्यांत जी अबोली वैरे नांदतात, त्यांतली कितीतरी अशा ओल्या डागातून उगवलेली असतात. म्हणून गळतीचा विचार गवंड्यावर सोपवून मोकळे होणे मला पुरेसे वाटत नाही. नीतीचा एक जुना प्रश्न त्यात दडलेला आहे. ज्याला दुःख झाले, त्याचे दुःखाविषयीचे म्हणणे आपण खरे मानतो, आणि मानावेही. पण दुःखाच्या कारणाविषयीचे त्याचे म्हणणेही तितकेच खरे मानावे काय?

आधी पाण्याचा स्वभाव पाहू. पाणी जिथे शिरते तिथेच बाहेर पडेल असा नेम नाही. सिमेंटच्या स्लॅबमध्ये विजेच्या तारांसाठी नळ्या पुरलेल्या असतात. एका कोपऱ्यात शिरलेले पाणी त्या नळीच्या वाटेने खोलीच्या मध्यावर येते आणि पंख्याच्या हुकापाशी टपकते. पंख्याच्या नेमके वर मात्र कुणाचे तरी कोरडे ठणठणीत देवघर असते. न्हाणीघराखालचा स्लॅब पुष्कळदा मुद्दाम खोल घेतात आणि तो खोलगा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरतात. तिथे पाणी साठून राहते आणि सवडीने बाहेर येते. बारीक भेगांतून तर ते केशाकर्षणाने आडवे, प्रसंगी वरही चढते. थेंब खोटे बोलत नाही. पण आपण कुठे पोचलो एवढेच तो सांगतो, कुठून निघालो ते सांगत नाही.

म्हणून जाणता प्लंबर डागाइतकीच वेळेचीही चौकशी करतो. अहोरात्र सारखे गळते? मग दाबाखालची नळाची लाइन पाहावी. आंघोळी झाल्यावर गळते? मग सांडपाण्याची वाट आणि फरशीचे सांधे पाहावे. फक्त पावसात? मग गच्ची आणि बाहेरची भिंत. पुढे तो घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा फिरतो का ते पाहतो. मोरीचे तोंड बुजवून २४ तास पाणी तुंबवून ठेवतो. कधी त्यात रंग कालवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा दंडक. चार ठिकाणी एकदम सिमेंट थापले आणि गळती थांबली, तर चौघांपैकी दोषी कोण हे कधीच कळत नाही. ही रीत मला न्यायाची रीत वाटते, कारण तिच्यात संशयिताला निर्दोष सुटण्याची वाट ठेवलेली असते. भांडताना आपण अशी वाट ठेवतो काय? तिथे शेजाऱ्याचे बोलणे हाही पुरावा आणि गप्प बसणे हाही पुरावा!

शेजारीच नसेल तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. युरोप-अमेरिकेत मोटारीवरच बांधलेली फिरती घरे असतात. निजण्या-रांधण्याची सोय असलेल्या या गाड्यांना मोटरहोम म्हणतात. उन्हाने आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी त्यांच्या छताचे सांधे सैल होतात. टपावरच्या झरोक्यापाशी शिरलेले पाणी भिंतीच्या दोन पापुद्र्यांमधून, सांगाड्याच्या कडेने उतरते आणि भलताच कोपरा ओला करते. गाडी ज्या बाजूला कलती उभी असेल, त्याप्रमाणे तो कोपराही बदलू शकतो. तिथे डोक्यावर आभाळाखेरीज कोणी नाही. मग एक युक्ती करतात. दारे-खिडक्या लावून पंख्याने आत हवा कोंबतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे उठतात तिथे फट. भांडायला कोणी नसले की माणूस किती शांतपणे शोधतो! शोधाला अक्कल लागते हे खरेच. पण त्याआधी आरोपाचे सुख सोडावे लागते.

कोणी म्हणेल, डोक्यावर पाणी पडत असताना ही तत्त्वचर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे. खालच्या घरातल्या म्हातारीचे अंथरूण भिजत असता, मूळ सापडेपर्यंत तिने थांबावे असे म्हणणे हा निर्दयपणा होय. बादली आधी ठेवावी. वरच्याने आपला नळ बंद करून पाहावा; ‘सिद्ध करा’ म्हणून दार लावून घेऊ नये. दुखावलेल्यावरच पुराव्याचे ओझे टाकणारा वरचा आणि पुराव्यावाचून शिक्षा सुनावणारा खालचा, दोघेही गळती चालूच ठेवतात. मदत तातडीने करावी, निवाडा सावकाश करावा. आपण बहुधा याच्या उलट वागतो.

आणि मूळ सापडून बुजवले, तरी थेंब त्याच दिवशी थांबत नाही. कोब्यात मुरलेले पाणी अजून उतरायचे असते. ज्ञान झाले तरी सुरू झालेले प्रारब्ध भोगूनच संपते, असे वेदान्त सांगतो. सुधारलेल्या माणसाच्या बाबतीत आपण हे विसरतो. त्याच्या जुन्या वागण्याचे थेंब अजून पडत असतात आणि आपण म्हणतो, ‘कुठे काय बदलले?’ पडणारा प्रत्येक थेंब आजच्या गळतीचा नसतो. दोन थेंबांमधले अंतर दिवसागणिक वाढते आहे की नाही, तेवढे पाहावे. आणि तोवर बादली उचलू नये.