शब्द वजा जाता

एखाद्याचा गौरव त्यानेच केलेली वस्तू बाजूला काढून करता येतो काय? प्रश्न वाटतो तितका आचरट नाही. ऑस्कर पीटरसन या जाझ पियानोवादकाने १९५९ साली कोल पोर्टर या लोकप्रिय गीतकाराच्या गाण्यांची अख्खी तबकडी काढली. पियानो, बास आणि ड्रम. शब्दाला प्रवेश नाही!

पोर्टरसाहेबांचे निभावले, कारण शब्द आणि चाल दोन्ही घरचेच. शब्द गेले तरी निम्मे पोर्टर शिल्लक. आपल्याकडे पडली श्रमविभागणी. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर झालेल्या ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गाणी गदिमांची, चाली बाबूजींच्या. ती कुणी नुसती पेटीवर वाजवली, तर गदिमा उरले किती? हिशेबाने पाहाल तर शून्य.

पण गाण्याचे आणि हिशेबाचे कधी जमले आहे? महाडच्या बाजारपेठेतून वरात निघते. बँडवाला एक जुने विरहगीत दुप्पट लयीत वाजवतो. पोरे बेभान नाचतात, नवरदेव घोड्यावर खूश. फक्त दुकानाच्या फळीवर बसलेले एखादे अण्णा हळूच डोळे पुसतात. त्यांना शब्द पाठ आहेत ना! क्लॅरिनेटने खाली टाकलेले शब्द अण्णांनी उचलले. तेवढ्या वेळापुरता कवी त्यांच्याकडे मुक्कामाला.

आणि नाचणारी पोरे? त्यांच्यापुरता कवी जन्मलाच नाही. याचा दोष बँडवाल्याला कसा द्यायचा? त्याने चाल इमानाने पोचवली. वाद्यावरची श्रद्धांजली म्हणजे ऐकणाऱ्याच्या नावावर मांडलेली उधारी. ती फेडायची अण्णांनी.

उलटा मासलाही जवळच आहे. पोलादपूरला ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. महाबळेश्वरला निघालेले लोक घाटाआधी तिथे चहा पितात आणि पुढे जातात. वरातीत कवीचे नाव हरवले, चाल उरली. इथे नाव उरले. संस्कृत शब्द मात्र पोथीत, वाचणाऱ्याची वाट पाहत. समाधी बांधून उधारी फिटली असे आपण परस्पर ठरवून टाकले, एवढेच.

तेव्हा अण्णांनी डोळे पुसून गप्प बसू नये. एखाद्या पोराला थांबवून सांगावे, ‘‘बाबा रे, हे गाणे रडायचे आहे.’’ तो म्हणेल, ‘‘आजोबा, नंतर!’’

म्हणू दे. नाचून दमला की पाणी मागायला त्याच फळीपाशी येईल. तेव्हा पाण्याबरोबर एक कडवेही द्यावे.