पुसून गेलेले अक्षर

पाटीवरचे अक्षर ओल्या फडक्याने पुसता येते, म्हणून मूल ते निर्भयपणे गिरवते. चुकले तर पुसावे, पुन्हा लिहावे. आमच्या परभणी जिल्ह्यात चारठाण्याच्या जुन्या देवळांत ज्याने दगडावर छिन्नी चालवली, त्याला ही मुभा नव्हती. त्याचा घाव चुकला असता तर तो शेकडो वर्षे लोकांपुढे उभा राहिला असता.

आपल्या देहातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ही दोन्ही प्रकारची लेखने आहेत. डीएनए हा शिलालेख. तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. आरएनए ही त्यावरून उतरून घेतलेली चिठ्ठी. चिठ्ठी येते, ‘अमुक प्रथिन तयार करा’ असे सांगते आणि काही तासांत, फार तर काही दिवसांत, विरून जाते. शास्त्रज्ञांनी अशी चिठ्ठी स्वतः लिहून पेशीला धाडण्याचे ठरवले तेव्हा प्रथम अडचण आली ती देहाच्या पहारेकऱ्यांची. परकी चिठ्ठी दिसताच ते खवळून उठत. २००५ साली कातालिन कारिको व ड्रू वाइसमन यांनी दाखवून दिले, की चिठ्ठीतील युरिडीन या अक्षराऐवजी त्याचेच किंचित वेगळे रूप, स्यूडोयुरिडीन, वापरले तर हा क्षोभ शमतो. ही फसवणूक आहे काय? मला तसे वाटत नाही. ते रूप आपल्या देहाच्या आरएनएत मुळातच आढळते. परक्याने घरात शिरताना घरची बोली बोलावी, तसे हे झाले. २०२३ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याचा एक उपयोग तर चमत्कारासारखा आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या त्वचेच्या पेशीत चार जनुके घालून तिला पुन्हा आद्य, कोणतेही रूप घेऊ शकणारी पेशी बनवले. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीवरही ते साधले. परंतु ती जनुके विषाणूच्या पाठीवर बसून जात आणि मूळ शिलालेखात कायमची घुसत. चारांतील एकाचे तर कर्करोगाशी नाते होते. २०१० साली अमेरिकेत डेरिक रॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम सुधारलेल्या आरएनएकडून करून घेतले. चिठ्ठी विरत असे, म्हणून ती दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज नव्याने द्यावी लागे. पण काम संपल्यावर मूळ लेखावर ओरखडाही उरत नसे. पाटीवर रोज तेच अक्षर गिरवून घेणाऱ्या माणसाला हे वाचून आनंद झाला, यात नवल नाही.

पण आनंद पुरता होतो न होतो तोच दुसरी हकीकत कानावर आली. २०२५ साली फिलाडेल्फियात एका तान्ह्या मुलावर असाच उपचार झाला. जनुकातील चुकीमुळे त्याच्या रक्तात अमोनिया साठत होता. चूक सुधारणाऱ्या अवजाराची कृती आरएनएच्या चिठ्ठीत लिहून, ती मेदाच्या सूक्ष्म थेंबांतून त्याच्या यकृतात पोचवली. चिठ्ठी विरली. बदल मात्र राहिला. तो राहावा यासाठीच तर सारा खटाटोप होता. म्हणजे पाटी पुसली गेली, आणि दगडावर अक्षर उमटले!

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. फार वर्षांपूर्वी वर्गात एका मुलाचे गणित तिसऱ्यांदा चुकले. मी चिडून म्हणालो, “तुझ्या हातून हे होणार नाही. तू आपली गुरं राख.” वर्ग हसला. वाक्याला पाच सेकंद लागले असतील. मी फळा पुसला आणि पुढच्या धड्याकडे वळलो. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. कित्येक वर्षांनी जिंतूरच्या बाजारात तो भेटला. शेळ्या विकायला आला होता. वाकून पाया पडला आणि हसत म्हणाला, “गुरुजी, तुम्ही म्हणले होते तसंच झालं बघा.” त्याच्या मनात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

शब्द विरला म्हणजे त्याची जबाबदारी विरली, असे मी समजत होतो. माझी चूक तेथे होती. निरोप्या निघून गेला याचा अर्थ एवढाच, की निरोप्याकडून आता भय नाही. त्याने काय केले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

मग लिहूच नये काय? तसे म्हणणारा माणूस त्या तान्ह्या मुलाच्या आईसमोर उभा राहू शकणार नाही. न लिहिणे हेही एक लिहिणेच असते. तेथे अमोनिया आपले अक्षर कोरीत असतो. २०१८ साली चीनमध्ये हे च्यानकुई यांनी गर्भातच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. पुढे त्यांना तुरुंगवास झाला. असा बदल त्या मुलींच्याही पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो आणि त्या पिढ्यांना विचारणारे कोणी नव्हते. यकृतापुरता बदल आणि वंशापुरता बदल यांतील रेघ आपण डोळ्यांत तेल घालून जपली पाहिजे.

हा प्रश्न दूरदेशीचा राहिलेला नाही. आपल्याकडे गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचा आजार आहे. जनुकातल्या अवघ्या एका अक्षराच्या चुकीचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावरील ‘बिरसा १०१’ हा देशी जनुक-संपादन उपचार जाहीर झाला आणि त्याची विद्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आली. अशा उपचारात कात्रीला जागा दाखवतो तो आरएनएच. उद्या तो आश्रमशाळेतल्या एखाद्या मुलीपर्यंत पोचो, अशीच माझी इच्छा आहे. फक्त त्या दिवशी मी विचारीन, की दहा वर्षांनी तिची नाडी पाहायला कोण येणार आहे? तिच्या आईला हे सारे तिच्या बोलीत कोणी सांगितले आहे?

आजही तास संपला की मी फळा पुसतो. खडूची भुकटी खाली पडते, मुले दप्तरे उचलून निघतात. पूर्वी मी पुसलेल्या फळ्याकडे पाहत असे. आता दाराकडे पाहतो.